खाकी उतरवल्यावर उमेदवारी: अर्ज भरण्याआधी

११ एप्रिल २०१९ रोजी वर्धा लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. हिंगणघाट विधानसभेचा भाग याच मतदारसंघात येतो. भाजपचे रामदास तडस आणि काँग्रेसच्या चारुलता टोकस यांच्यातल्या लढतीत वंचित बहुजन आघाडीने मुंबई पोलीस दलातून सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालेले धनराज वंजारी यांना उतरवले होते. तडस यांना पावणेसहा लाखांवर मते मिळाली, टोकस यांना सुमारे ३ लाख ९१ हजार. वंजारींच्या वाट्याला ३६ हजारांच्या आसपास आली. अनामत वाचवायला झालेल्या वैध मतांचा एक षष्ठांशाहून अधिक वाटा लागतो. त्या निवडणुकीत तो पावणेदोन लाखांच्या आसपास होता.

हा आकडा वंजारींना कमी लेखण्यासाठी दिलेला नाही. वर्दी उतरवून राजकारणात आलेल्या माणसाला पहिल्या मतमोजणीत काय पाहावे लागते, ते त्यातून कळते. विदर्भात दर निवडणुकीला एखादा निवृत्त ठाणेदार, एखादा जमादार उभा राहण्याच्या विचारात असतो. निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात आणि पानठेल्यावरची मंडळी सांगतात, "साहेब, तुमी फक्त उभे राहा, बाकीचं आमी पाहतो." हे ऐकून ज्यांचे मन उभे राहण्याकडे ओढले गेले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यांनी राजकारणात यावे, पण आधी उभे राहिलेल्यांचे काय झाले ते नीट पाहून यावे.

सुरेश खोपडे यांचे उदाहरण सर्वांत आधी घ्यायला हवे, कारण पोलीस अधिकारी म्हणून त्यांचे काम खरोखर मोठे आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुस्लिम वस्त्यांतली साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली, भांडणे ठाण्यापर्यंत पोहोचण्याआधी मिटू लागली. पुढे १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा १९८४ च्या दंगलीत होरपळलेली भिवंडी शांत राहिली. या प्रयोगावर त्यांनी पुस्तकही लिहिले. निवृत्तीनंतर २०१४ मध्ये आम आदमी पक्षाने त्यांना बारामतीतून लोकसभेला उभे केले. सुप्रिया सुळे आणि महादेव जानकर यांच्यात चुरशीची लढत झाली, आणि खोपडे २६ हजारांच्या आसपास थांबले.

त्यांची मूळ नाळ बारामती तालुक्याशी होती, हे खरे. पण आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम त्यांनी भिवंडीत केले होते. ज्या मोहल्ल्यांत त्यांच्या शब्दावर माणसे घराबाहेर येत, त्यांतले एकही मत बारामतीच्या यंत्रात पडणार नव्हते. शिवाय बारामतीत घराघरांशी साखर कारखाना, दूध संघ, बँक आणि शिक्षण संस्था यांच्यामार्फत पिढ्यांचे नाते असलेले पवार घराणे समोर होते.

मग जिथे नोकरी केली तिथेच उभे राहिले तर? त्याचेही उत्तर ताजे आहे आणि ते विदर्भातल्याच माणसाचे आहे. अकोला जिल्ह्यातले शिवदीप लांडे बिहार केडरचे आयपीएस अधिकारी. तिथे त्यांची लोकप्रियता एखाद्या नटासारखी होती. लोक त्यांना 'सिंघम' म्हणत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, २०२५ मध्ये 'हिंद सेना' हा पक्ष जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या बिहार विधानसभा निवडणुकीत जमालपूर व अररिया अशा दोन जागांवर अपक्ष म्हणून अर्ज भरला. दोन्ही भाग त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतले. जमालपूर ज्या मुंगेर जिल्ह्यात येते तिथे त्यांनी सुरुवातीला काम केले होते, अररियात ते पोलीस अधीक्षक होते. दोन्हीकडे ते हरले. मधल्या काळात त्यांच्या बदल्या होत गेल्या, काही वर्षे ते प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रात होते. तोवर त्या गावांतले तरुण संसाराला लागले होते आणि जातीची, पक्षांची गणिते त्यांच्यावाचून पुढे गेली होती.

खोपडे आणि लांडे यांचे अनुभव एकत्र ठेवले की मुद्दा स्पष्ट होतो. काम केलेले गाव पुरत नाही, जन्मलेले गावही पुरत नाही. वर्दी उतरल्यावर, निवडणूक नसतानाही तुम्ही जिथे राहता आणि जिथल्या लोकांच्या उपयोगी पडता, तिथे मते मिळू शकतात.

नालासोपाऱ्याची कथा याच्याशी जोडून वाचावी. चकमकींमुळे नाव झालेले मुंबईचे पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनी जुलै २०१९ मध्ये राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये शिवसेनेच्या तिकिटावर नालासोपाऱ्यातून विधानसभा लढवली. सत्तेतला पक्ष, प्रचंड प्रसिद्धी, सगळे पाठीशी होते. बहुजन विकास आघाडीचे क्षितिज ठाकूर यांनी त्यांना ४३ हजारांहून अधिक मतांनी हरवले. वसई-विरार पट्ट्यात ठाकूर कुटुंबाची पकड १९९० पासूनची. पुढे २०२४ मध्ये ती पकड सुटली, तेव्हा नालासोपाऱ्यात जिंकले ते भाजपचे राजन नाईक, त्या भागात संघटनेचे काम करत आलेले पदाधिकारी. बाहेरून आलेल्या नामांकित अधिकाऱ्याला जे जमले नाही, ते तिथेच वावरणाऱ्या कार्यकर्त्याने केले.

राज्याबाहेरही हेच दिसते. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त अरूप पटनायक ओडिशात बिजू जनता दलाकडून २०१९ मध्ये भुवनेश्वरमध्ये आणि २०२४ मध्ये पुरीत हरले. माजी आयपीएस अधिकारी किरण बेदी जानेवारी २०१५ च्या मध्यावर भाजपमध्ये आल्या, ७ फेब्रुवारीला दिल्लीत मतदान झाले, आणि पक्षाचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या कृष्णानगरात त्या २,२७७ मतांनी पडल्या. बिहारचे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे यांनी सप्टेंबर २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन संयुक्त जनता दलात प्रवेश केला. बक्सरची जागा वाटपात भाजपकडे गेली आणि तिकीट मिळाले पोलीस दलातच शिपाई म्हणून नोकरी केलेल्या परशुराम चतुर्वेदींना. तेही थोडक्यात हरले. पक्षाने तोंडी दिलेल्या शब्दावर नोकरी सोडणाऱ्याने बक्सर विसरू नये.

यश मिळालेले कोणीच नाहीत असे नाही. मुंबईचे पोलीस आयुक्तपद सोडून सत्यपाल सिंह २०१४ मध्ये बागपतला गेले आणि अजित सिंह यांच्या गडात निवडून आले. पण बागपत त्यांचा स्वतःचा जिल्हा होता आणि त्या वर्षी त्यांच्या पक्षाची, भाजपची लाट होती. महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण सुशीलकुमार शिंदे यांचे. ते फौजदार होते. १९७१ मध्ये तिशीत त्यांनी नोकरी सोडली, आणि १९७२ च्या विधानसभेचे तिकीट त्यांना मिळालेच नाही. ते माघारी फिरले नाहीत. १९७४ मध्ये करमाळ्याची पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत पोहोचले. हाती वर्षे असल्यामुळे पहिला नकार त्यांना पचवता आला. महाराष्ट्रातला पोलीस कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. एक निवडणूक हुकली की पुढची त्रेसष्टाव्या वर्षी येते. म्हणून त्याने पहिली पायरी अधिक विचाराने निवडायला हवी.

ती पायरी नगरपरिषदेची असावी. गेल्या तीस वर्षांत हिंगणघाटने अशोक शिंदे, राजू तिमांडे आणि समीर कुणावार अशी मोजकीच माणसे विधानसभेत पाठवली. कुणावार तर २०१४, २०१९ आणि २०२४ असे सलग तीनदा. हिंगणघाट शहर, समुद्रपूर तालुका, सिंदी रेल्वेचा पट्टा, गिरड, नंदोरी, जाम अशा गावांत त्यांचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे बसलेले आहेत. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्याशी टक्कर घेणे म्हणजे भविष्य निर्वाह निधी पणाला लावणे. प्रभागात मात्र गोष्ट वेगळी असते. तिथे नाली तुंबते, नळाला पाणी येत नाही, घरकुलाचा हप्ता अडकतो, म्हाताऱ्या बाईचे निराधार योजनेचे पैसे बंद होतात. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, कोणत्या टेबलावर कागद अडकला हे पोलिसाला इतरांपेक्षा चांगले कळते. हे काम तीन-चार वर्षे निमूटपणे केले तर लोक नाव घेऊ लागतात.

वर्धा जिल्ह्याची एक खास अडचण इथे सांगायला हवी. गांधीजींच्या वास्तव्यामुळे १९७५ पासून हा जिल्हा दारूबंदीचा आहे. इथल्या पोलिसाच्या नोकरीचा मोठा भाग मोहफुलाच्या दारूच्या धाडींत जातो. धाडीमुळे ज्या बायांचे घर वाचले त्या दुवा देतात, पण निवडणुकीच्या दिवशी त्या स्वतःहून बूथवर येतीलच असे नाही. ज्याची भट्टी फोडली त्याचे भाऊ, साळे, शेजारी मात्र ठरवून येतात. कडक नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने त्या बायांकडे, त्यांच्या बचत गटांकडे वर्दी नसताना पुन्हा पुन्हा गेले पाहिजे. ठाण्यात माणसे आपल्याकडे येत. आता आपण त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे आहे, आणि अनेकांना हेच सर्वांत जड जाते.

आता कागदांकडे येऊ, कारण इथे मैदानात उतरण्याआधीच माणूस बाद होतो. महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी अब्दुर रहमान यांनी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाच्या निषेधार्थ नोकरी सोडत असल्याचे जाहीर केले. २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीने त्यांना धुळ्यातून लोकसभेची उमेदवारी दिली, पण त्यांच्या सेवेतून मुक्त होण्याचा प्रश्न सुटलेला नसल्याने छाननीतच अर्ज बाद झाला. राजीनामा देणे आणि तो मंजूर होणे यांत महिने जातात. मंजुरीचा आदेश हाती असल्याशिवाय प्रचाराचा एक फलकही छापू नये. निवृत्तीनंतर ठरावीक काळ थांबलेच पाहिजे असे बंधन मात्र कायद्यात नाही. तशी मागणी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयाने ते ठरवणे विधिमंडळाचे काम असल्याचे सांगितले.

शपथपत्रात प्रलंबित गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. पोलिसांवर नोकरीच्या काळात खासगी फिर्यादी झालेल्या असतात आणि कधी कधी त्याची आठवणही राहत नाही. जिथे जिथे नोकरी केली तिथल्या न्यायालयांत वकील पाठवून आधी खात्री करून घ्यावी. नगरपरिषदेसाठी १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले नसावे, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसावी, राखीव जागा असेल तर जात वैधतेचे काम हातावेगळे केलेले असावे. विधानसभेला अपक्ष उभे राहायचे तर त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात.

मतदानाच्या दिवसाची तयारी पोलिसाला ठाऊक आहे असे त्याला वाटते. आयुष्यभर त्याने केंद्राच्या दाराबाहेर बंदोबस्त केलेला असतो, खोलीच्या आतले काम मात्र त्याने पाहिलेले नसते. मतदान सात वाजता सुरू होते, पण उमेदवाराचा प्रतिनिधी साडेपाचला हजर लागतो, कारण तेव्हा अभिरूप मतदान होते. संध्याकाळी यंत्र बंद झाल्यावर झालेल्या मतांचा हिशेब नमुना १७-सी वर मिळतो आणि त्याची प्रत प्रतिनिधीने हातात घेतल्याशिवाय उठायचे नसते. २०२४ च्या विधानसभेला राज्यात लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. प्रत्येक केंद्रावर आत एक, बदलीला एक आणि बाहेर चिठ्ठ्या द्यायला दोन अशी माणसे धरली तरी चौदाशे विश्वासाची माणसे लागतात. सत्कार समारंभातली गर्दी मोजण्यापेक्षा वहीत ही नावे लिहून पाहावीत. दोनशेच्या पुढे वही सरकत नसेल तर विधानसभेचा विचार त्या वेळेपुरता बाजूला ठेवावा.

पैशाबाबत कठोर राहावे. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. अपक्षाकडे पक्षाची यंत्रणा नसते, त्यामुळे गाडीच्या डिझेलपासून चहापर्यंत सगळे त्याच्या खिशातून जाते. उपदान, अंशराशीकरणाची रक्कम, रजेचे रोखीकरण हे पत्नीचे म्हातारपण आणि मुलांची लग्ने यांसाठी असते. ते वेगळ्या खात्यात टाकून त्या खात्याचे चेकबुक घरच्यांच्या हाती द्यावे. निवडणुकीचा खर्च स्वतंत्र बँक खात्यातूनच करावा आणि निकालानंतर तीस दिवसांच्या आत हिशेब सादर करावा. हरलेले उमेदवार हे टाळतात, आणि निवडणूक आयोग त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. म्हणजे पुढची नगरपरिषदही हातची जाते.

अगदी शेवटी, सर्वांत सोपी वाटणारी गोष्ट. बदल्यांच्या नोकरीत नाव कधी नागपूरच्या, कधी चंद्रपूरच्या पोलीस वसाहतीच्या यादीत राहून जाते. हिंगणघाट नगरपरिषदेची निवडणूक लढवायची तर नाव हिंगणघाटच्याच मतदार यादीत हवे. निवृत्त होऊन इथे राहायला आला असाल तर तहसील कार्यालयात जाऊन नमुना ८ भरा, आणि भरलेल्या अर्जाची पोच जपून ठेवा.