कॉफीचा चोथा आणि ब्लूबेरी

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीमुळे कुंभकोणमला असतो. ऑनलाइन मागवलेलं ब्लूबेरीचं रोप गच्चीवर कुंडीत लावलंय. माती आम्ल राहावी म्हणून रोज फिल्टर कॉफीचा चोथा घालते. तरी पानं पिवळी पडताहेत. काय चुकतंय?
– एक वाचक, कुंभकोणम

उत्तर : घाबरू नका, रोप सावरू शकतं. चोथा मात्र आजपासून बंद. कॉफीतलं आम्ल बहुतांशी डिकॉक्शनमध्ये उतरतं. चोथा जवळपास उदासीन उरतो, आणि त्याचा जाड थर पाणीही मुरू देत नाही. तुमच्याकडची डिग्री कॉफी कितीही फक्कड असली तरी!

पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मुळांना लोह मिळत नाहीये. ते मिळायला ब्लूबेरीला मातीचा सामू (pH) 4.5 ते 5.5 लागतो. कुंडीत साधी माती असेल तर ती बदलून पीट मॉस आणि पाइनच्या सालीचं मिश्रण भरा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर टाळा. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसाचं साठवून घाला. दुपारी शेडनेटची सावली हवी. राख, चुना, शेणखत आणि व्हिनेगर, चारही नकोत.

फळांबद्दल स्पष्ट सांगतो. थंड प्रदेशातल्या जातींना 7 अंशांखालचे शेकडो तास लागतात, ते कावेरीकाठी मिळणार नाहीत. ‘बिलॉक्सी’सारखी कमी थंडीवर येणारी जात असेल तरच थोडी आशा धरा. फळंच खायची असतील तर शेजारच्या कुंडीत फालसा किंवा करवंद लावा. त्यांना तुमचा उन्हाळा मानवतो.