पाणी आधी, औषध मागून

भाचेबुवा, खामगावच्या तेलगिरणीत बॉयलर आणि कूलिंग टॉवर तुझ्या हाती आले, हे ताईकडून कळलं. माझी तीस वर्षं याच पाण्यात गेली. जे हात भाजून शिकलो तेवढंच लिहितो, सावकाश वाच.

१. टँकर आला की क्लोराइड तपासल्याशिवाय टाकीत घेऊ नकोस, मग ड्रायव्हर कितीही घाई करो – घाटाखाली शेगाव, नांदुरा, संग्रामपूरकडे पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिकडच्या बोअरच्या पाण्यातलं मीठ लोखंडावरचा पापुद्रा एका जागी भेदतं आणि तिथेच भोक पाडत जातं.

२. फीड टँक ८०-९० अंशांवर गरम ठेव, वाफेचं परत आलेलं गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, वाया घालवू नकोस – २५ अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, ९० अंशांला त्याचा पाचवा हिस्सा उरतो. जो गंज उष्णतेने टळतो, त्याला औषध कशाला?

३. जुन्या स्टोअरमध्ये पिवळ्या पावडरीचा डबा सापडला तर उघडू नकोस आणि नाल्यात तर मुळीच ओतू नकोस, मालकांना सांगून धोकादायक कचरा नेणाऱ्यांकडे सोपव – ते बहुधा क्रोमेट असणार. पूर्वी टॉवरमध्ये ते लिटरला शेकडो मिलिग्रॅम घालत, आणि गंज थांबायचा हेही खरं. पण ते कर्करोग करतं, पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला अवघी ०.०५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेने इमारती थंड करणाऱ्या टॉवरांत ते १९९० मध्येच बंद केलं.

४. बॉयलरला टॅनिनचं औषध माग, हायड्राझिन नको – ते विषारी आहे, आणि टॅनिनचं काम तू लहानपणापासून पाहिलं आहेस. आजी लोखंडी विळीवर आवळा चिरायची तेव्हा पातं काळंनिळं व्हायचं ना? आवळा, हिरडा, बाभळीची साल, सगळ्यांत तेच टॅनिन. ते लोखंडाला धरून काळा थर बसवतं आणि बॉयलरच्या क्षारी पाण्यातला उरलासुरला प्राणवायूही खातं. ड्रम उघडलास की आत सगळीकडे सारखा काळा रंग दिसायला हवा. तांबडी फोड दिसली तर नखाने खरवड, खाली खड्डा असेल.

५. पण म्हणून साल उकळून टॉवरमध्ये ओतू नकोस, पोट्ट्या. मी ओतली होती. आठवडाभर पाणी चहासारखं दिसलं, मग कुंडाच्या भिंतीला बुळबुळीत थर धरला, पंधरवड्याने सडक्या अंड्यांचा वास सुटला. नळ्या काढल्या तर त्या थराखाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे – काढ्यातली साखर जंतूंचं खाद्य होती, आणि थराखाली जिथे हवा पोचत नाही तिथेच लोखंड कुरतडलं जातं. झाडाचा गुण घ्यावा, झाड टाकीत घालू नये.

६. कडुनिंब, मेंदी, कोरफडीच्या अर्काची जाहिरात कुणी घेऊन आला तर एकच विचार, चाचणी कोणत्या पाण्यात केली – प्रयोगशाळेत या अर्कांवर पुष्कळ काम झालंय, पण त्यातलं बरंचसं आम्लात बुडवलेल्या पट्टीवर. खपली काढायला आम्ल फिरवतोस तेव्हा असा अर्क उपयोगी पडेल. टॉवरच्या साध्या पाण्यात तोच गुण येईल असं नाही.

७. सिलिकेट स्वस्त आणि निरुपद्रवी. थंड पाण्याच्या लाइनला चालतं, बॉयलरला नाही – तिथे त्याची काचेसारखी चिवट खपली बसते. थर धरायला आठवडे लागतात, तेवढा धीर धर.

८. मॉलिब्डेट किंवा नायट्राइटचा डोस महिनाअखेरीला निम्मा करू नकोस – थर अर्धवट बसला की सगळा गंज उघड्या ठिपक्यावर जमतो. तोकडं पांघरूण, गारठा एकाच जागी.

९. साध्या पोलादाची पट्टी काट्यावर तोलून टॉवरच्या लाइनमध्ये टांग, ९० दिवसांनी साफ करून पुन्हा तोल – वजन किती घटलं यावरून झीज निघते. वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या आत असेल तर निवांत झोप. औषधवाल्याच्या बोलण्यापेक्षा पट्टीचं वजन खरं.

१०. ब्लोडाउन, म्हणजे साठलेलं खारट पाणी सोडून देणं, चुकवू नकोस – पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं.

११. आणि ब्लोडाउनचं ते पाणी कुठे जातं हे एकदा स्वतः चालत जाऊन बघ – आपले नाले शेवटी पूर्णेलाच मिळतात, वाटेत गुरं पाणी पितात. औषधातलं फॉस्फेट जास्त झालं की जलपर्णी माजते, जस्त माशांना सोसत नाही.

१२. हंगाम संपला की बॉयलर पूर्ण कोरडा कर, आत थाळ्यांत कळीचा चुना ठेवून झाकण घट्ट लाव – चालू बॉयलरपेक्षा अर्धवट ओला बंद बॉयलर जास्त गंजतो. पुन्हा पाणी भरण्याआधी थाळ्या मोजून बाहेर काढ. मी एक आत विसरलो होतो.

१३. पीएच, क्लोराइड, डोस रोज वहीत, स्वतःच्या अक्षरात. दिवाळीला येशील तेव्हा ती वही आणि पहिली पट्टी घेऊन ये, आपण दोघं मिळून बघू.