थ्रेशर बाहेर काढण्याआधी

राळेगाव तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की थ्रेशर रात्री-अपरात्रीही चालतात. आभाळ भरून आलेलं असतं, शेतकऱ्याला घाई असते आणि मजूर धुळीत तासन् तास उभे असतात. माझ्या थोरल्या भावाचा हाच धंदा. ट्रॅक्टर, यंत्र आणि सहा माणसं. अशाच एका रात्री गंजीवरचा माल यंत्रात लोटताना एका मजुराचा हात आत ओढला गेला. यवतमाळला नेईपर्यंत तो गेला. वय तीस. मागे बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

भावानं पाठ फिरवली नाही. गावात बैठक बसली, दीड लाख ठरले. वहिनीचं सोनं गहाण ठेवून त्यानं ते दिले. ‘यापुढे काही मागणे नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून त्या बाईचा अंगठा घेतला. प्रकरण मिटलं असं गावही म्हणालं, भावालाही तसंच वाटलं. वर्षभराच्या आत बाईनं भरपाईचा दावा लावला. गावानं तिला नावं ठेवली. मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो, तिचा तो हक्कच होता.

1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मृत्यूची भरपाई मालकानं आयुक्ताकडेच जमा करायची असे. आपल्याकडे हे काम बहुधा कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहत. वारसांच्या हातात दिलेला पैसा भरपाई म्हणून धरलाच जात नाही. फार तर तीन महिन्यांच्या मजुरीएवढी उचल वजा होते. आणि हक्क सोडून दिल्याचा कागद कितीही साक्षीदारांसमोर केला तरी कायद्यापुढे तो रद्द. भावानं कर्ज काढून दिलेले पैसे असे बहुतांशी हिशेबाबाहेर राहिले.

खरा हिशेब वेगळाच असतो. महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. तीस वर्षांसाठी तो आकडा 207.98 आहे. रोज 500 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर मजुरी 13,000 होते आणि भरपाई 13,51,870 रुपये. जानेवारी 2020 पासून या हिशेबात 15,000 रुपयांपर्यंतची मजुरी धरतात. महिन्याच्या आत रक्कम भरली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी देत नाही, तो मालकाच्याच खिशातून जातो.

त्या दिवसांत आमच्या ओट्यावर येणारा प्रत्येक जण एकेक पळवाट सांगायचा. तो तर रोजंदारीवरचा होता, म्हणे. पण 2000 सालच्या दुरुस्तीनंतर एका दिवसासाठी बोलावलेला मजूरही या कायद्यात येतो. यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामाला माणसं किती, याची अट नाही. प्यायला होता, असं कुणी उठवलं. पण मृत्यू झाला असेल तर तो बचाव चालत नाही. ट्रॅक्टरचा विमा आहे ना, हा सगळ्यांचा भरवसा. त्यात चालकाची जबाबदारी येते. थ्रेशरच्या तोंडाशी उभ्या मजुरासाठी त्यावर विसंबलात तर कोर्टात वर्षं जातील.

हे फक्त थ्रेशरवाल्यांपुरतं नाही. 2017 च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात भरती झाले. तेव्हा बोलणं झालं ते औषध कंपन्यांचं, कृषी खात्याचं आणि सरकारी मदतीचं. पण कीटकनाशक फवारणारा मजूर या कायद्याच्या यादीत नाव घेऊन नोंदलेला आहे, म्हणजे त्याला कामावर लावणारा शेतकरी मालक ठरतो, हे कोणी सांगितलं नाही. दहा एकराच्या शेतकऱ्यावर एवढा बोजा यावा का, हा प्रश्न मलाही पडतो. पण मजुराच्या घरावर हा बोजा आधीच पडलेला असतो, आणि त्याच्याकडे तर विकायला एकरही नसतो.

विमा काढाच, अशी सक्ती या कायद्यात नाही. भरपाई मात्र सुटत नाही. म्हणून हंगामाआधी कर्मचारी भरपाईची पॉलिसी घ्यावी. एजंट तिला डब्ल्यूसी म्हणतात. माणसं आणि मजुरी खरी लिहावी. हप्ता वाचवायला कमी दाखवली तर कंपनी त्याच हिशेबानं देते, फरक आपल्या माथी येतो. काम ‘मळणी’ की ‘फवारणी’ हे स्पष्ट लिहून घ्यावं. ठेकेदारानं आणलेले मजूर आणि दवाखान्याचा खर्च त्यात येतो का, हे विचारावं आणि नसेल तर जोडून घ्यावं. मजुरांची हजेरी आणि दिलेली मजुरी वहीत सहीनिशी ठेवावी. दाव्यात पहिली मागणी तिचीच होते. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मजुराला जरूर काढून द्या, पण त्याचे दोन लाख मालकाची जबाबदारी फेडत नाहीत.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 चा हा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. आयुक्ताच्या जागी संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ आहे. आता कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, भरपाईत धरला जातो. पहाटे मजूर भरून गाडी शेतावर आणणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

आणि अपघात झालाच, तर आधी दवाखाना, मग लगेच विमा कंपनीला लेखी कळवणं. मृत्यू झाला तर बैठकीत आकडा ठरवू नका. वकिलाकडून हिशेब करून घ्या आणि पूर्ण रक्कम महिन्याच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे भरा.