एसएसडी बसवली, तरी कॉम्प्युटर जुन्याच डिस्कवरून सुरू होतोय?

नवी एसएसडी लावली, जुन्या हार्ड डिस्कचं क्लोनिंग केलं, आणि तरी विंडोज उघडायला पूर्वीइतकाच वेळ? म्हणजे कॉम्प्युटर अजून जुन्याच पार्टिशनवरून उठतोय. काळजी नको, एका बैठकीत काम मार्गी लावू. समोर डेस्कटॉप आहे आणि त्यात विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून चालूया. जुनी डिस्क फॉरमॅट करायला हात शिवशिवत असतील, तर ते सगळ्यात शेवटी!

१. महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. एसएसडीवर कॉपी आहेच की, असं म्हणू नका. आज तिलाच हात लावायचाय.

२. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा आणि यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा.

३. खालच्या पट्ट्यांमध्ये ‘बूट’ आणि ‘सिस्टिम’ हे दोन शब्द शोधा. इथे भलेभले गडबडतात, म्हणून सावकाश बघा. ‘बूट’ लिहिलंय तिथलं विंडोज आत्ता चालू आहे. कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या फायली मात्र ‘सिस्टिम’ लिहिलेल्या पार्टिशनमध्ये असतात. ते बहुधा १०० एमबीच्या आसपासचं, पट्टीच्या डाव्या टोकाला दबून बसलेलं असतं. हे दोन शब्द वेगवेगळ्या डिस्कवरही असू शकतात. अशा वेळी ‘सिस्टिम’वाली डिस्क पुसलीत, तर धडधाकट विंडोजसुद्धा सुरू होणार नाही.

४. कोणती डिस्क कोणती, ते आकारावरून ठरवून कागदावर लिहा. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसते, ५०० जीबीची ४६५. डिस्क ० आणि डिस्क १ या क्रमांकांवर विसंबू नका, केबल हलली की तेही बदलू शकतात.

५. एसएसडीच्या पट्टीवर ते छोटं पार्टिशन आहे ना, ते तपासा. नसेल तर क्लोनिंगमध्ये फक्त सी ड्राइव्ह आलाय. इथेच थांबा, सगळी पार्टिशनं घेऊन क्लोनिंग पुन्हा करा. आणि एसएसडीवर ‘ऑफलाइन’ लिहिलेलं दिसलं, तर ती आत्ता ऑनलाइन करू नका. तसं केल्यावर विंडोज तिची ओळख बदलतं, आणि मग तीच सुरू व्हायला कुरकुर करते.

६. बिटलॉकर चालू असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करा. ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी घ्या. ऐन वेळी विचारली की शोधाशोध होते.

७. शिफ्ट दाबून धरा आणि शट डाउन करा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही.

८. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा.

९. कॅबिनेट उघडून जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढा. टोकाला छोटी क्लिप असते, ती दाबून सरळ ओढा. तिरपी ओढलीत तर कनेक्टर तुटेल.

१०. प्लग लावून कॉम्प्युटर सुरू करा. विंडोज आलं? छान, थेट बाराव्या पायरीवर जा.

११. नाही आलं, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मधून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा. पहिल्यांदा जमलं नाही तर आणखी एकदा चालवा. ‘इन्स्टॉल’ मात्र चुकूनही दाबू नका.

१२. पुन्हा शट डाउन करून, प्लग काढून, जुन्या डिस्कची केबल परत लावा.

१३. कॉम्प्युटर सुरू करताक्षणी बायोसचं बटण टकटक दाबत राहा. असेंबल केलेल्या मशीनवर बहुधा डिलीट किंवा एफ२, डेलवर एफ२, एचपीवर एफ१०. विंडोजचा लोगो आला म्हणजे उशीर झाला. रीस्टार्ट करून पुन्हा.

१४. ‘बूट’च्या पानावर एसएसडीचं नाव असलेला ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणा. तसं नाव नसेल तर नुसतं एसएसडीचं नाव वर घ्या. शेजारीच यूईएफआय आणि लेगसी असा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. तो बदलल्यावर एकही डिस्क सुरू न होण्याची पाळी येऊ शकते.

१५. बदल सेव्ह करून बाहेर पडा. बहुतेक मशीनवर त्यासाठी एफ१० असतं. सेव्ह न करता बाहेर पडलात, तर सगळी मेहनत पाण्यात.

१६. पुन्हा डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘बूट’ आणि ‘सिस्टिम’ हे दोन्ही शब्द एसएसडीवर आहेत का बघा. एकच असेल तर सातव्या पायरीपासून पुन्हा या.

१७. सुरू होताना दोन विंडोजची यादी विचारत असेल, तर विंडोज आणि आर दाबून, इंग्रजीत सलग एमएसकॉन्फिग टाइप करा आणि ‘बूट’च्या पानावर जुनी नोंद डिलीट करा. ‘करंट ओएस’ लिहिलेली नोंद सोडून! तीच आत्ता चालू आहे.

१८. बिटलॉकर थांबवलं असेल तर परत चालू करा.

१९. आता जुनी डिस्क ‘ऑफलाइन’ दिसली तर तिच्यावर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. या वेळी बिनधास्त. आता हिच्यावरून सुरू व्हायचंच नाहीये.

२०. चार-आठ दिवस मशीन नीट चाललं की जुन्या विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट करा. अक्षरावर जाऊ नका, कागदावरचा आकडा जुळवा आणि मगच ‘ओके’ दाबा.