निरोगी दिसणाऱ्या बाळाचे ४८ तास

प्रसूती सुखरूप झाली, बाळ रडले, अंगावर प्यायले. तरी डॉक्टर घरी का सोडत नाहीत, अशी विचारणा कार्यालयात वारंवार होते. प्रसूतिवेणांच्या काळात मातेला प्रतिजैविक दिले असेल तर ती हमखास होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; बालरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले तेच येथे मांडतो.

पाणमोट फुटून १८ तासांहून अधिक काळ लोटला, मातेस ताप आला किंवा दिवस भरण्यापूर्वीच वेणा सुरू झाल्या, तर बाळास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून मातेस औषध देतात. पाश्चात्त्य देशांत मुख्य भय 'ब गट स्ट्रेप्टोकोकस' या जंतूचे. पेनिसिलिन प्रसूतीपूर्वी किमान ४ तास मिळाले, तर तेथे ते पुरेसे मानतात. आपल्या रुग्णालयांत मात्र क्लेब्सिएला, ई. कोलाय, ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू अधिक आढळतात व त्यांतील पुष्कळ नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. सबब, मातेस औषध मिळाले एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही.

मग सर्वच बाळांना इंजेक्शने का देऊ नयेत? त्यामुळे बाळ आईपासून दुरावते, स्तनपान मागे पडते आणि औषधांना न जुमानणारे जंतू पोसले जातात. (मातेस ताप असेल वा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर डॉक्टर लक्षणांची वाट न पाहताही उपचार आरंभितात.) रक्ततपासणीही जन्मतःच फारसे सांगत नाही. सीआरपी वाढावयास १०-१२ तास लागतात. कल्चरचा अहवाल येण्यास एक-दोन दिवस. तोवर परिचारिकेने पुनःपुन्हा बाळापाशी जाणे, हीच खरी तपासणी. श्वास मिनिटाला ६०च्या वर, छाती आत ओढली जाणे, कण्हणे, अंग गार वा तप्त होणे, दूध ओढण्यात सुस्ती, यांकडे तिचे लक्ष असते.

अशा देखरेखीचे मोल महाराष्ट्रानेच जगास दाखविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजातांची पाहणी व जंतुसंसर्गावर उपचार करविले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले.

परंडा तालुक्यातील एका ऊसतोड कुटुंबाची गोष्ट मला विसरता येत नाही. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी दुसऱ्या दिवशी निघणार. "बाळ तर चांगलं हाय की, साहेब," आजी विनवीत होती. मीही डॉक्टरांकडे शब्द टाकला. त्यांनी मानला नाही. दुसऱ्या रात्री बाळाचे पाय गार पडले, त्याने दूध सोडले. तत्काळ रक्त घेऊन औषध सुरू झाले. कल्चरमध्ये जंतू निघाला. दहा दिवसांनी बाळ घरी गेले. टोळी त्यांच्याविनाच गेली होती. उचलीचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

जमाखर्चात या खाटांपुढे औषधाची रक्कम अल्प दिसते, वेतनाची मोठी. याविषयी विश्वस्तांनी पृच्छा केली होती. त्याचे उत्तर वर आले आहे. पुढील अंदाजपत्रकात रात्रपाळीसाठी आणखी एका परिचारिकेची व सोबतच्या नातेवाइकांच्या दोन वेळच्या भोजनाची तरतूद प्रस्तावित केली आहे.