माणग्याच्या बेटाची तोडणी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात व त्यास लागून असलेल्या गोव्यात शेताच्या बांधावर, परड्यात किंवा वहाळाच्या काठी माणग्याचे एखादे तरी बेट आढळतेच. मांडवाचे खांब, कुंपण, आंबे काढावयाच्या झेल्याची काठी, टोपल्या, घाटावरील टोमॅटोच्या मळ्यास लागणारा आधार, अशा नाना कामी माणगा उपयोगी पडतो. त्यास काटे नसतात आणि त्याची काठी, विशेषतः बुंध्याकडील भाग, जवळजवळ भरीव असतो. असे असूनही पुष्कळ शेतकऱ्यांची तक्रार ऐकू येते की, बेट पूर्वीसारखे राहिले नाही, काठ्या बारीक पडू लागल्या. जमिनीचा कस गेला असे मानून ते स्वस्थ बसतात. बहुतेक वेळा दोष जमिनीचा नसून कोयत्याचा असतो.

हे समजण्यासाठी माणगा वाढतो कसा ते पाहिले पाहिजे. बांबू हा वृक्ष नव्हे. तो गवताच्या कुळातील आहे. आंब्याचा बुंधा दरवर्षी जाड होत जातो, तसा बांबू होत नाही. पावसाळ्यात कोंब जमिनीतून वर येतो तो आपली जाडी घेऊनच येतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढे तो केवळ पक्का होत जातो. मग कोंबाची जाडी ठरते कशावर? तर जमिनीतील कंदात साठलेल्या अन्नावर. आणि हे अन्न तयार करतात बेटातील उभ्या काठ्यांची पाने. म्हणजे गेल्या एकदोन वर्षांत आलेल्या काठ्या या पुढील वर्षाच्या कोंबांच्या पोशिंद्या होत. त्या तोडल्या की येणारे कोंब उपाशी राहतात.

आता व्यवहारात काय घडते ते पाहा. नवे कोंब बहुधा बेटाच्या बाहेरच्या अंगास येतात व जुन्या काठ्या मध्यभागी अडकून पडतात. तोडणाऱ्यास बाहेरची काठी सोयीची. ती दिसावयास सरळ व हिरवीगार असते, म्हणून तीच आधी जाते. पक्क्या काठ्या आत वाळतात. बेट उक्ते विकले म्हणजे तर विचारावयासच नको; घेणारा एका दिवसात जे हाती लागेल ते नेतो, त्यास पुढील वर्षाची काळजी असण्याचे कारण नाही. उदाहरणादाखल, एका बेटात चोवीस काठ्या आहेत व त्यांपैकी आठ यंदाच्या, आठ गतवर्षीच्या आणि आठ त्यापूर्वीच्या आहेत असे धरू. शेवटच्या आठांतील सहासात काढल्या तर बेटाचे काही बिघडत नाही. तेवढ्याच काठ्या यंदाच्या काढल्या, तर पैसे आज तितकेच मिळतात, परंतु पुढील पावसाळ्यात येतात त्या छड्या.

सबब काठीचे वय ओळखता आले पाहिजे. पहिल्या वर्षाच्या काठीवर कोंबाची टरफले पुष्कळशी चिकटून असतात व पेरांवर पांढुरकी भुकटी दिसते. दुसऱ्या वर्षी टरफले गळतात, फांद्या भरतात, रंग हिरवा राहतो. तिसऱ्या वर्षापासून हिरवेपणा मळकट होत जातो आणि सालीवर दगडफुलासारखे पांढुरके ठिपके दिसू लागतात. तथापि नजर चुकू शकते. त्यापेक्षा खात्रीचा उपाय असा की, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास त्या पावसाळ्यातील सर्व नव्या काठ्यांवर छातीइतक्या उंचीवर रंगाचा पट्टा ओढावा व दर वर्षाचा रंग निराळा ठेवावा. ग्रामसेवकांनी गावातील एका तरी बेटावर हे करून दाखवावे. खर्च एका लहान डब्याचा आहे.

तोडणी पाऊस संपल्यावर, साधारणतः ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत करावी. पावसाळ्यात बेटात शिरू नये. कोवळे कोंब पायाखाली मोडतात. काठी जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या गाठीच्या लगेच वर तोडावी. गाठ सोडून मधेच तोडल्यास पोकळ भागात पाणी साचून खुंट कुजतो. कमरेइतके उंच खुंट ठेवण्याची सवय मात्र सर्वथा वाईट. काठीचा उत्तम भाग वाया जातो आणि आत शिरण्याची वाट बंद होते.

फार दाटलेल्या बेटात पक्क्या काठीपर्यंत पोहोचणेच कठीण असते. अशा वेळी ज्या बाजूस नवे कोंब कमी आहेत ती बाजू फोडून, घोड्याच्या नालाच्या आकाराची वाट मध्यापर्यंत काढावी व आतील वाळलेल्या, वाकड्या व जुन्या काठ्या प्रथम काढून घ्याव्यात. मे महिन्यात बुंध्याशी माती व शेणखताची भर द्यावी. कंद हळूहळू वर येत असतात, ते उघडे राहिल्यास कोंब कमजोर येतात.

नवे बेट लावावयाचे असल्यास बियांची वाट पाहू नये. माणग्यास फुले तुरळक येतात, पण बी धरत नाही. कळकाची गोष्ट वेगळी. तो साधारण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी सरसकट फुलतो, बी देतो आणि मरतो. माणग्याची एकदोन वर्षांची काठी कंदासह खणून, वरचा भाग छाटून, पावसाच्या आरंभी दोन फुटी खड्ड्यात लावावी. दोन बेटांत 5 मीटर अंतर असावे. पाणी साचणारी जागा टाळावी. शेजारी कधी हरकत घेतो की बांबू शेतात पसरेल. चीन-जपानकडील थंड प्रदेशात बागेच्या शोभेसाठी लावतात त्या पुष्कळ बांबूंचे कंद जमिनीखाली लांबवर धावतात व त्यांना चर खणून अडवावे लागते. माणग्याचा कंद आखूड असून तो बेट धरूनच राहतो. सावलीची तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी हद्दीपासून काही अंतर सोडणे शेजारधर्माचे होईल.

भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये 2017 साली झालेल्या दुरुस्तीने वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. तेव्हा आपल्या बांधावरील काठीसाठी त्या कायद्याचे भय दाखवून कोणी भाव पाडू लागल्यास शेतकऱ्याने बधू नये. विकताना बेट उक्ते न देता पट्टा पाहून, मोजून काठी द्यावी आणि तोडणीच्या दिवशी स्वतः उभे राहावे.

घरच्या वापरासाठी ठेवलेल्या काठ्यांना भुंगा लागतो तो आतील पिठूळ अंशासाठी. तोडल्यावर त्या काही आठवडे वहाळाच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवाव्यात, म्हणजे तो अंश बराचसा निघून जातो. नंतर सावलीत, जमिनीस न टेकता, वाळवाव्यात.