इंग्रजी संभाषणाचा स्वाध्याय

इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, परंतु बोलण्याचा प्रसंग आला की जीभ टाळ्यास चिकटते, ही तक्रार सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत जुनी आहे. सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली निघाले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली काढले. आणि १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर खेड्यापाड्यांतील मुलामुलींस पदवीची वाट अधिकच जवळ आली. सन २००० पासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवितात. म्हणजे आज महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्याने बारा वर्षे ह्या भाषेचा अभ्यास केलेला असतो. तरीही पुण्यास नोकरीच्या मुलाखतीत "स्वतःविषयी काही सांगा" एवढे इंग्रजीत विचारताच कित्येकांस घाम फुटतो, आणि विषयात हुशार असूनही जागा दुसऱ्याच्या हाती जाते.

ह्याचे कारण बुद्धीची उणीव नव्हे. आमच्याकडे इंग्रजी पिढ्यानपिढ्या भाषांतराच्या द्वारे शिकविली गेली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने असंख्य विद्यार्थ्यांस शुद्ध वाक्य लिहावयास शिकविले, हे तिचे ऋण मोठेच आहे; पण मनातल्या मनात भाषांतर करावयास वेळ लागतो व समोरचा मनुष्य तेवढा वेळ थांबत नाही. शिवाय परीक्षेचे बहुतेक गुण कागदावरील उत्तरांस मिळतात. मग बोलण्याचा सराव करतो कोण?

तेव्हा हा अभ्यास विद्यार्थ्यास स्वतःच चालवावा लागतो. बॅरी झिमरमन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा स्वाध्यायाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: आधी योजना, मग स्वतःवर लक्ष ठेवून केलेली कृती, आणि शेवटी आपल्याच कामाची पारख. आमचे विद्यार्थी बहुधा मधलीच तेवढी करतात. "रोज इंग्रजी बोलेन" हा संकल्प झाला, योजना नव्हे. "ह्या आठवड्यात आमच्या गावच्या बाजाराचे वर्णन दोन मिनिटे करीन" ही योजना होय, कारण ती पार पडली की नाही हे शनिवारी कळते.

पारख मात्र कठीण, कारण बोलताना आपली चूक आपल्या कानास ऐकू येत नाही. येथे घरोघरी असलेला मोबाईल खरा उपयोगी पडतो. त्यात आपले बोलणे मुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी परक्याचे म्हणून ऐकावे. मराठीत आपण प्रत्येक अक्षरास जवळजवळ सारखा वेळ देतो. इंग्रजीत शब्दातील एका अवयवावर आघात येतो व बाकीचे आखडतात. आपण 'डेव्हलप' म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतो, वास्तविक तो दुसऱ्यावर हवा: 'डिव्हेलप'. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम, हा शब्द ओठांचा चंबू करून उच्चारावा. 'व्हेस्ट' म्हणजे बंडी, तेथे खालचा ओठ वरच्या दातांस लागला पाहिजे. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्यांतील एकच मिनिट निवडून निवेदकाच्या मागोमाग दहा वेळा म्हटल्याने हे जितके साधते, तितके नियम पाठ करून साधत नाही. तीस दिवसांत अस्खलित इंग्रजीचे वचन देणाऱ्या पाट्या जागोजागी दिसतात. त्यांची फी भरण्यापूर्वी हा बिनखर्ची प्रयोग एक महिनाभर करून पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकट्याने सर्व होत नाही, हेही खरे. रोज एकाच एस्. टी. ने कॉलेजास जाणाऱ्या दोघा मित्रांनी ठरावीक थांब्यापर्यंत इंग्रजीतच बोलावयाचे ठरविले तर तेवढी शाळा पुरते. मात्र एकमेकांची चूक वाक्य तोडून दाखवू नये. उतरल्यावर एखादीच सांगावी. हसणारे सहप्रवासी भेटतील, पण त्यांचा थांबा पुष्कळदा आधी येतो.

पालकांस एक विनंती. घरी पाहुणे आले असता "जरा इंग्रजीत बोलून दाखव" असे मुलास म्हणू नये. त्या एका फजितीने महिन्याचा धीर खचतो. त्याऐवजी रात्री जेवणे झाल्यावर त्याचे दोन मिनिटांचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे. आपणांस इंग्रजी येत नसले तरी तो कोठे अडखळला हे सहज समजते.

आठवी-नववीच्या मुलांनी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता हा विषय घ्यावा. आज एक मिनिट बोलून ते मुद्रित करून ठेवावे. पुढच्या शनिवारी तोच रस्ता पुन्हा सांगावा, दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावी आणि प्रत्येकात आपण किती वेळा थांबलो ते वहीत मांडावे.